ओढा सकाळीच ओलांडा

उंच डोंगरात गाडी घेऊन जाताना टायरमधली हवा पायथ्यालाच कमी करून निघावं, असं काही जण सांगतात. माझं मत उलट आहे. बाहेरचा दाब घटल्याने 4,500 मीटरवर हवा मोजायच्या गेजचा आकडा साधारण 6 पीएसआयने (पीएसआय म्हणजे टायरमधला दाब मोजायचं एकक) वाढतो, पण कडाक्याच्या थंडीत तीच वाढ बरीचशी उतरते. म्हणून हवा वर पोचल्यावर, टायर गार असताना मोजा. आणि कमी केलेली हवा परत भरायला पंप हवाच (मी एकदा विसरलो होतो, पुढचं विचारू नका).

वाटेतल्या ओढ्यांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. बर्फाच्या पाण्याचा ओढा सकाळी घोट्याएवढा असतो, तोच दुपारनंतर गुडघ्याच्या वर जातो. म्हणून लवकर निघायचं, आणि तंबू काठावर न लावता जरा उंचावर लावायचा.

गाडी एका दिवसात हजार-दीड हजार मीटर सहज चढते, शरीर नाही. 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची रोज 500 मीटरहून जास्त वाढवू नये. डोकं दुखून उलट्या होत असतील तर आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला तर रात्र असली तरी खाली उतरायचं. शेगडी तंबूत पेटवू नका, कितीही गारठलात तरी.