मदत हवी आहे: जर्मनीतली बेकारी ६ टक्के की ३.४?

बारावी अर्थशास्त्राच्या मुलांसाठी भारत, जर्मनी, फ्रान्स, अमेरिका असा तक्ता करतेय. रकाने दोनच: बेकारीचा दर आणि कामाचे तास. तासाभराचं काम वाटलं होतं, अख्खा रविवार गेला.

पहिला घोळ जर्मनीचा. २०२४ साठी तिथल्या सरकारी रोजगार खात्याचा आकडा ६.० टक्के, युरोस्टॅटचा (युरोपीय संघाचं आकडेवारी कार्यालय) ३.४. शोधल्यावर कळलं, खात्यात नाव नोंदवलेला माणूस आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी काम करत असला तरी तिथे बेकारच धरतात. युरोस्टॅट आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची व्याख्या लावतं: आठवड्यात एक तास काम केलं, की रोजगार आहे.

आपल्याकडेही दोन आहेतच. पीएलएफएस, म्हणजे सरकारची श्रमशक्ती पाहणी, २०२३-२४, वय १५ आणि वर: नेहमीच्या स्थितीनुसार ३.२, चालू साप्ताहिक स्थितीनुसार ४.९.

अमेरिकेपाशी आल्यावर आईचाच हिशेब मांडला. आमचं किराणा दुकान आहे. भाऊ जेवायला घरी आला की ती तासभर गल्ल्यावर बसते, फुकटच. आपल्या पाहणीत ती रोजगारात. अमेरिकेत मात्र घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्याचे आठवड्याला १५ तास भरावे लागतात. आईचे भरतात सात. बरं, ती काम शोधत नाही, म्हणून बेकारही नाही. थोडक्यात श्रमशक्तीतच (काम करणारे अधिक काम शोधणारे) नाही!

तासांचंही तेच. फ्रान्सचे आठवड्याचे ३५ तास मी कमाल मर्यादा म्हणून लिहून मोकळी झाले होते. ती तर ओव्हरटाइम सुरू होण्याची रेघ निघाली.

भारताचा ३.२ घेऊ की ४.९? आणि तासांचा एकच रकाना पुरेल का?

प्रतिसाद:
ताई, भारताचा ४.९ आणि जर्मनीचा ३.४ घ्या. दोन्हीकडे एक आठवडा, एक तास हीच मोजपट्टी आहे. नेहमीची स्थिती मागचं अख्खं वर्ष बघते, ३० दिवस जोडकाम केलेलाही त्यात रोजगारात जातो. युरोस्टॅट १५ ते ७४ वयाचे लोक मोजतं, तेवढी तळटीप टाका.

तासांचे रकाने दोन करा: जादा दर कुठून सुरू, आणि वरची मर्यादा किती. फ्रान्स ३५ आणि ४८. आपल्याकडे कारखान्यात ४८ च्या पुढे दुप्पट मजुरी. अमेरिकेत ४० च्या पुढे दीडपट, पण प्रौढांना वरची मर्यादाच नाही. ती चौकट कोरीच सोडा, मुलं विचारतीलच.