मदत हवी आहे: एजन्सीच्या करारात बदली माणसाचं कलम आहे, पण क्लायंटला ते मान्य आहे का?

ब्रिटनमध्ये माझ्या लिमिटेड कंपनीतर्फे, एजन्सीमार्फत सॉफ्टवेअरचं काम मिळतंय. क्लायंट मोठा, त्यामुळे आयआर३५चा (कंत्राटदार करापुरता खरंतर नोकरदारच आहे का, हे पाहणारा नियम) निर्णय त्यांचा. स्टेटस डिटरमिनेशन स्टेटमेंट, म्हणजे त्यांचा लेखी निर्णय, 'आउटसाइड' (नोकरदार नाही) असं आलंय. एजन्सीच्या करारात माझ्या जागी दुसरा माणूस पाठवायची मुभा आहे. पण क्लायंट-एजन्सीमधला करार मला दाखवत नाहीत, आणि खरी मेख तिथेच आहे. क्लायंटचा मॅनेजर तोंडी म्हणतो, "आम्हाला तुम्हीच हवे." एचएमआरसीच्या (ब्रिटनचं करखातं) सेस्ट या ऑनलाइन आयआर३५-तपासणी टूलमध्ये बदली माणसाबद्दलचं ते एक उत्तर बदललं की निकालही बदलतो. एजन्सीला मेल केला, तर 'गोपनीय आहे' एवढंच उत्तर आलं. अजून सही केलेली नाही. अंब्रेला कंपनीतून (जी कंत्राटदाराला आपला पगारी नोकर म्हणून दाखवते) जायचं नाही. क्लायंट-एजन्सीमधला करार दिसणारच नसेल, तर क्लायंटकडून नेमकं काय लेखी घ्यावं, म्हणजे पुढे चौकशीत ते टिकेल?