टेथिसचा तळ खाली गेला, मग शाळिग्राम वर कसा आला?

नमस्कार मंडळी,

आमच्या देवघरात आजेसासूबाईंच्या वेळचा शाळिग्राम आहे. परवा पूजेच्या वेळी भाचीने विचारलं, "मामी, याच्यावरचं चक्र कुणी कोरलं?" मी ऐटीत सांगितलं, कुणी नाही, हा अमोनाइट. ज्युरासिक काळातला समुद्री जीव, नेपाळात काली गंडकीच्या पात्रात सापडतो. हिमालयाच्या जागी तेव्हा टेथिस समुद्र होता. इथवर ठीक. पुढच्या प्रश्नाला मात्र माझी बोलती बंद.

मी वाचलंय ते असं: गोंडवन या प्राचीन महाखंडातून सुटलेला भारताचा भूपट्ट उत्तरेला निघाला. दख्खनचा लाव्हा वाहिला त्या सुमारास, म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी, तो वर्षाला 15 सेंटिमीटरच्या आसपास धावत होता. मधल्या टेथिसचा तळ आशियाखाली शिरत गेला आणि सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी दोन्ही खंड भिडले. भाची म्हणते, तळ खाली गेला तर त्यातले जीव डोंगरावर कसे? एव्हरेस्टच्या माथ्यावरसुद्धा समुद्रातला चुनखडक आहे म्हणे! जाणकारांनी सोडवा. विकी वाचून झालंय, घोळ वाढलाय.

प्रतिसाद

भाचीने बरोबर पकडलंय. "टेथिसचा तळ वर आला" हे वाक्यच फसवं आहे. खोल समुद्राचा तळ बेसाल्टचा, जड. तो खरंच गेला. पण भारताच्या उत्तर किनाऱ्यालगत खंडाचीच कड पाण्याखाली होती, आज मुंबईसमोर आहे तशी. तुमचा अमोनाइट त्या कडेवरच्या चिखलात गाडला गेला. खंडाचा खडक हलका, तो सहजी बुडत नाही. मग वरचे थर सोलवटून निघाले, भिंतीकडे रेटलेल्या सतरंजीसारखे वळ्या पडून एकमेकांवर चढले. एव्हरेस्टचा चुनखडक तर 40 कोटी वर्षांहून जुना, मिटलेल्या त्या महासागराच्या जन्माआधीचा!

धागाकर्ती

आता उजेड पडला! पण मग जड तळाचं काहीच उरलं नाही का?

प्रतिसाद

उरलंय थोडं, ताई. लडाखमध्ये सिंधूच्या खोऱ्याने दोन खंडांची शिवण जाते. तिथे निदारजवळ सागरतळाचे आणि त्याखालच्या प्रावरणाचे (भूकवचाखालच्या थराचे) काळे-हिरवे खडक वर फेकले गेलेत, त्यांना ओफिओलाइट म्हणतात. लेहच्या उत्तरेचे करडे ग्रॅनाइटी डोंगरही त्याच तळाची करणी: खाली जाताना त्यातून सुटलेल्या पाण्याने वरचं प्रावरण वितळलं, त्या शिलारसातून ते घडले. लेहला कधी गेलात तर गोंपा बघताना पायाखालीही बघा.