बेथोवन पहिल्यांदा ऐकणाऱ्याला श्नाबेलच्या जुन्या तबकड्या द्याव्यात का?

पायपेटी (धागाकर्ता)

मित्राच्या मुलीने विचारलं, "काका, बेथोवनचे पियानो सोनाटा ऐकायला सुरुवात करायचीय, कुणाचे ऐकू?" मी लगेच आर्तुर श्नाबेल या जुन्या पियानोवादकाचं नाव सांगितलं. दोन दिवसांनी तिचा निरोप आला, "खूप खरखर आहे हो, आणि मधेमधे सूरही चुकतात. दुसरं कुणी सांगा ना." तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. माझं मत मात्र बदललेलं नाही : सुरुवात श्नाबेलपासूनच करावी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. श्नाबेलने १९३२ ते १९३५ या काळात लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बेथोवनचे ३२ च्या ३२ सोनाटा (एकट्या पियानोसाठीच्या, अनेक भागांच्या रचना) ध्वनिमुद्रित केले. त्याच्याआधी हे कुणीच केलं नव्हतं. रेकॉर्ड काढायला तो वर्षानुवर्षं नकार देत होता. त्याला राजी केलं ते एचएमव्हीच्या फ्रेड गाइसबर्गने, म्हणजे १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित करणाऱ्या त्याच माणसाने. रसिकांनी आधी वर्गणी भरायची आणि मग संच निघायचा, अशी व्यवस्था होती. हे काम चालू असतानाच, १९३३ साली, ज्यू असल्यामुळे त्याला बर्लिन सोडावं लागलं.

तेव्हा मुद्रण थेट मेणाच्या तबकडीवर व्हायचं. एका बाजूत जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावायची. तुकडे जोडायची सोय नव्हती. एक सूर निसटला तर अख्खी बाजू पुन्हा वाजवायची. अशा वेळी माणूस जपून वाजवेल. श्नाबेल जपून वाजवत नाही.

ओपस १११ चा (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) दुसरा भाग ऐका. सुरुवातीची ती साधी धून तो इतक्या सावकाश मांडतो की पुढचा सूर येतो की नाही याची धास्ती वाटते. येतो तेव्हा त्याच्यामागे आधीच्या सगळ्या सुरांचं वजन असतं. त्याचे गुरू लेशेटित्स्की त्याला म्हणायचे, "तू पियानोवादक कधीच होणार नाहीस, तू संगीतकार आहेस." नवख्या माणसाला आधी हा संगीतकार भेटावा, एवढंच माझं म्हणणं.

कोमल धैवत

साफ असहमत. त्या मुलीचं काहीच चुकलेलं नाही.

तुम्ही १११ चं उदाहरण दिलंत, तिथेच थांबू. त्या भागात शेवटाकडे पियानोच्या अगदी उजव्या टोकाच्या पट्ट्यांवर लांबच लांब ट्रिल (शेजारचे दोन सूर झपाझप आलटून पालटून) आहेत, तेही अतिशय हळू आवाजात. जुन्या तबकडीची खरखर नेमकी त्याच उंचीवर असते. मला ते ट्रिल श्नाबेलकडे ऐकू येतात, कारण ते तिथे आहेत हे मला आधीपासून ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही त्याला फक्त सुईचा आवाज येणार.

आणि ओपस १०६. पहिल्या भागावर बेथोवनने स्वतः मेट्रोनोमचा (लय मोजायच्या यंत्राचा) १३८ हा आकडा घातलाय, बहुतेक वादक त्याच्या आसपासही जात नाहीत. श्नाबेल तो गाठायला जातो, हे धाडस मला मान्य. पण पुढे जे होतं ती झटापट आहे. सूर एकमेकांवर पडतात, मधल्या आवाजात काय चाललंय ते कळत नाही. जाणकाराला त्यात थरार वाटेल. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा समज असा होईल की बेथोवनने गोंधळच लिहून ठेवलाय.

काळी चार

मी वीसेक वर्षं पियानो शिकवते. माझा अनुभव दोघांपेक्षा थोडा वेगळा आहे.

एका विद्यार्थ्याला मी १०६ चं हेच मुद्रण ऐकवलं. पुढच्या आठवड्यात तो एक सोपा सोनाटा घेऊन आला आणि सुसाट सुटला. डाव्या हाताचे निम्मे सूर गायब. म्हणाला, "श्नाबेलचेही चुकतात." त्या दिवसापासून द्रुत भाग ऐकवायचे बंद केले. श्नाबेलची चूक कुठून येते हे कळायला आधी स्वतःचे सूर जागेवर बसावे लागतात.

संथ भाग मात्र आवर्जून ऐकवते. लयीबद्दलही एक सांगते. त्याने या सोनाटांची स्वतः संपादित केलेली आवृत्ती छापली होती, ध्वनिमुद्रणांच्या आधी, १९२० च्या दशकात. तिच्यात एकाच भागात काही काही ओळींनंतर मेट्रोनोमचा आकडा बदलतो. म्हणजे लय पुढेमागे होते ती हात घसरला म्हणून नव्हे. कुठे किती पुढे जायचं हे त्याने आधी कागदावर ठरवलं होतं. आज शिकवताना असं कुणी लिहून देत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तीन मिनिटं

धागाकर्त्यांना पूर्ण पाठिंबा. आपण अब्दुल करीम खाँसाहेबांची 'जमुना के तीर' ऐकतो तेव्हा खरखरीची तक्रार करतो का? माझ्या आजीकडे मिरजेला चावीचा ग्रामोफोन होता. ती रेकॉर्ड लावली की पहिली काही सेकंदं नुसती चर्रर्र, मग तो आवाज यायचा आणि चर्रर्र कुठे गेली ते कळायचंही नाही. कान आठवडाभरात तयार होतो. मुलीला आठवडाभर धीर धरायला सांगा.

कोमल धैवत

@तीन मिनिटं, खाँसाहेबांसाठी माझाही जीव अडकतो. पण ही तुलना इथे लागू पडत नाही. तीनच मिनिटं मिळणार हे खाँसाहेबांना माहीत होतं. त्यांनी ठुमरी त्या मापात बसवली, सुरुवात-शेवट सगळं तिथल्या तिथे. बेथोवनने तबकडीचं माप धरून काही लिहिलेलं नाही. अठराएक मिनिटांचा संथ भाग चार-पाच बाजूंमध्ये कापला गेलाय. आज ते जोडून मिळतं, तरी कान देऊन ऐका : जोड येतो तिथे खरखरीचा पोत बदलतो आणि नवी बाजू किंचित वेगळ्या जोमाने सुरू होते. ज्या सलगतेसाठी तुम्ही श्नाबेल सुचवताय, तीच त्याला स्टुडिओत मिळाली नाही.

शिवाय १९४२ साली अमेरिकेत त्याने १०९ आणि १११ पुन्हा मुद्रित केले. त्याला स्वतःला पहिलं मुद्रण अंतिम वाटत नव्हतं. मग आपण का मानायचं?

पायपेटी (धागाकर्ता)

ट्रिलचा मुद्दा मान्य. रात्री हेडफोन लावून पुन्हा ऐकलं, अर्धे ट्रिल मी मनानेच भरून काढत होतो. १०६ सुद्धा पहिल्यांदा देऊ नये, ताईंचं पटलं.

सलगतेचं मात्र पटत नाही. स्टुडिओत येण्याआधी, १९२७ साली, त्याने बर्लिनमध्ये हे बत्तीसही सोनाटा मैफलींमध्ये वाजवले होते. बाजू संपली तरी त्याच्या डोक्यात पुढचं पान चालूच असणार. तुम्ही म्हणता ते जोड मलाही ऐकू येतात, पण सुराचं वळण तिथे तुटत नाही. आणि पुन्हा मुद्रित केलं म्हणून आधीचं उणं ठरतं, असं आपण गायकांच्या बाबतीत कधी म्हणतो का? एकच राग दोनदा ऐकला तर दोन्ही जपून ठेवतो.

नवख्याने स्वच्छ, निर्दोष मुद्रणापासून सुरुवात केली की प्रत्येक सूर जागेवर असणं हेच वाजवणं, असं कानाला वाटू लागतं. ती सवय मोडायला मला स्वतःला दहा वर्षं लागली. म्हणून माझा हट्ट आहे.

मुलीला आज ओपस ९० चा दुसरा भाग पाठवलाय. गाण्यासारखी धून आहे, वेगाची झटापट नाही, खरखरीच्या पट्ट्यांतलं फारसं काही नाही.

काळी चार

९० चांगला निवडलात. ती धून पुन्हा पुन्हा परत येते तेव्हा तो दर वेळी थोडी वेगळी सोडतो, तिकडे तिचं लक्ष वेधा.

कोमल धैवत

निवड योग्य आहे. पण कुठली प्रत पाठवलीत, खरखर ठेवलेली की गाळलेली? गाळलेली असेल तर बदलून द्या. खरखरीबरोबर सूर उमटतानाची धारही जाते, मग पियानो घोंगडीखाली ठेवल्यासारखा वाजतो. श्नाबेल ऐकवायचाच असेल तर खरखरीसकट ऐकवा.