ओव्हनमध्ये भाजलेल्या भाज्यांना पाणी का सुटतं?

प्रश्न:
गाजर, फ्लॉवर आणि बटाटा एकत्र भाजते. १८० अंशांवर अर्धा तास ठेवते, पण बाहेर काढावं तर भाजलेलं कमी, उकडलेलंच जास्त. ट्रेच्या तळाशी चक्क पाणी! काल आईसाठी मुद्दाम केलं होतं. तिने काही न बोलता खाल्लं, पण मला फार वाईट वाटलं. नेमकं काय चुकतंय?

उत्तर १:
धुतल्यावर भाज्या पुसता का? फ्लॉवरच्या तुऱ्यांत पाणी अडकून राहतं. मी कापडावर पसरून पूर्ण कोरड्या होऊ देते.

उत्तर २:
ट्रे खचाखच भरत असाल. तुकडे एकमेकांना चिकटले की वाफ तिथेच कोंडते आणि भाजी भाजण्याऐवजी वाफवली जाते. मध्ये बोटभर जागा सोडा, मावत नसेल तर दोन ट्रे घ्या. ओव्हन २२० वर न्या आणि रिकामा ट्रेही आतच तापू द्या. तेल चोळलेली भाजी त्यावर पडताना चर्र आवाज यायलाच हवा! तुरे उभे चिरून सपाट बाजू खाली ठेवा, तीच छान तांबूस होते. बटाटा आणि गाजर १० मिनिटं आधी घाला.

प्रश्नकर्ती:
आज तसंच केलं. बटाट्याच्या कडा कुरकुरीत, आत मऊ. गाजर तर इतकं गोड लागलं! आईने दुसऱ्यांदा मागून घेतलं. मनापासून आभार. फक्त फ्लॉवरची टोकं थोडी करपली.

उत्तर २:
मग तुरे जरा मोठे ठेवा, आणि १५ मिनिटांनी एकदा उलटा.