आजीची पुतळ्यांची माळ: एक सोनार १४ कॅरेट म्हणतो, दुसरा २२. न आटवता किंमत कशी काढावी?

चोपड्याची_लेक

माझ्या आईची आई या माघात गेली. तिची पुतळ्यांची माळ आहे. २२ पुतळ्या, मधोमध पदकासारखी एक गिन्नी, सगळं लाल रेशमात गाठवलेलं. आजी ती आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि घरच्या लग्नातच घालायची. मृत्युपत्र केलेलं नाही. वारस तिघं: मामा, आई, मावशी. आजोबा आधीच गेले. आईला माळ अख्खी ठेवायची आहे आणि भावाबहिणीला त्यांच्या वाट्याचे पैसे द्यायचे आहेत. मामांची त्याला ना नाही. अडलंय ते किमतीवर.

आमच्या गावातल्या सोनाराने एक पुतळी दगडावर घासून १४ कॅरेट सांगितलं. नक्की हवं असेल तर आटवावं लागेल, म्हणाला. मामांनी माळ शिरपूरला दाखवली, तिथे २२ सांगितलं. मग मामी बोलून गेल्या की बहिणीने सोनाराला आधीच सांगून ठेवलं असेल. आई तेव्हापासून नीट जेवत नाही.

पेटीत आजोबांच्या अक्षरातली चिठ्ठी सापडली: "आखाजी, शके १८८६. पुतळ्या २२, गिन्नी १, गाठवणीसह. सोने वजन ३ तोळे ६ मासे ४ गुंजा." साडेतीन तोळे म्हणजे ३५ ग्रॅम ना? मग काट्यावर दोऱ्यासकट ४१.९ ग्रॅम कसं भरतं? आत लाख असेल का? माळ आटवायची नाही, एवढं ठरलेलं आहे. आखाजीला सगळे जमतील, त्याआधी आईच्या हातात कागद हवा आहे.

तापीकाठ

ताई, कोणत्याही सोनाराच्या तोंडी आकड्यावर वाटणी करू नका. जळगावला बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) मान्यतेचं हॉलमार्क केंद्र आहे. घरगुती ग्राहकालाही तिथे जुना दागिना तपासून मिळतो. चार नगांपर्यंत मिळून २०० रुपये, पाच किंवा जास्त नग असतील तर नगाला ४५, वर जीएसटी. छापील अहवाल देतात. मामांना सोबत न्या.

जुना_सराफ_जळगाव

बेटा, आधी वजनाचं सांगतो म्हणजे आईच्या जिवाचा निम्मा घोर कमी होईल. आज पेढीवर १० ग्रॅमला तोळा म्हणतात. तुझ्या आजोबांचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. १२ मासे म्हणजे तोळा, ८ गुंजा म्हणजे मासा. त्या हिशेबाने ३ तोळे ६ मासे ४ गुंजा म्हणजे ४१.३ ग्रॅम. माळ दोरा काढून वजन केली तर त्याहून थोडी कमी भरेल, इतक्या वर्षांची झीज आहे. लाख बोरमाळेच्या पोकळ मण्यांत भरतात. पुतळी म्हणजे चपटी चकती, तिच्यात लाख कुठून येणार? आजोबांची चिठ्ठी अगदी बरोबर आहे.

आता कॅरेटचं. शके १८८६ मध्ये ७८ मिळव, १९६४ येतं. हे साल वाचलं आणि मी चिठ्ठीची ओळ पुन्हा वाचली. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले, मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. १४ कॅरेटपेक्षा चोख नवा दागिना घडवायला बंदी झाली. १९६६ मध्ये ती अट गेली, कायदा मात्र १९९० पर्यंत राहिला. माझे वडील तेव्हा बैठकीवरचे कारागीर होते. १४ कॅरेटचा दागिना लोक हातात घेऊन परत ठेवत, म्हणायचे हे पितळ झालं. कामच बसलं. वडील कपाशी वेचायला गेले. सोन्याशिवाय दुसरं काही न शिकलेली माणसं होती ती, त्यांचे हाल मी पाहिले आहेत.

पण जुने दागिने बाळगायला मनाई नव्हती. म्हणून मला असं वाटतं की तुझ्या आजीची माळ १९६४ मध्ये नवी घडवलेली नाही. चिठ्ठीत "गाठवणीसह" लिहिलं आहे, घडणावळीचा शब्द नाही. आधीच्या पुतळ्यांत त्या वर्षी काही नव्या घालून माळ पुरी केली असावी. नव्या असतील त्या १४ च्या, जुन्या असतील त्या २२ च्या आसपास. तुमच्या गावातल्या सोनाराच्या हाती नवी लागली, शिरपूरच्या हाती जुनी. दोघेही खरं बोलले असतील. मामींना हे वाचून दाखव.

केंद्रात जाण्याआधी दागिने गाठवणाऱ्या पटवेकऱ्याकडून माळ उसवून घे, त्याच्यासमोर बसून. पुतळ्या ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने कागदाच्या पुड्यांत ठेव, पुडीवर आकडा घाल. केंद्रात सांग की प्रत्येक पुतळी वेगळी लावा आणि अहवालात वजन व टंच (हजार भागांत शुद्ध सोनं किती; २२ कॅरेट म्हणजे ९१६, १४ म्हणजे ५८५) वेगळा लिहा. तिथल्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी टंच सांगणाऱ्या) यंत्राला दागिना कापावा लागत नाही, घासावा लागत नाही, आटवायचा तर प्रश्नच नाही. मात्र ते वरच्या पापुद्र्याचं वाचतं. पुतळीच्या नाकाजवळ, म्हणजे दोरा ओवायच्या कडीजवळ, सांधायचा डाक असतो, तिथे रोख धरला तर टंच कमी दिसतो. चकतीच्या मध्यावर, दोन्ही बाजूंनी घ्यायला सांग. मळ आणि साबणाचा थर आधी साफ करून ने, पण पॉलिश करून आणू नको, त्यात सोनं जातं.

आणि जो आटवल्याशिवाय सांगणार नाही म्हणतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नको. एकदा लगड झाली की माळ गेली.

नाणी_भुसावळ

गिन्नीवर साल कोणतं आहे? घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि खाली साल असेल. १९१८ असेल तर सालाच्या वर जमिनीच्या पट्टीत बारीक इंग्रजी 'आय' दिसतो का, भिंगाने पाहा. त्या एकाच वर्षी मुंबईच्या टांकसाळीत या गिन्न्या पाडल्या होत्या, सुमारे १३ लाख. त्यामुळे दुर्मीळ नाही, पण आपल्या मुंबईची म्हणून संग्राहकांना आवडते. पूर्ण वजन ७.९८ ग्रॅम, २२ कॅरेट, शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. व्यास २२ मिलिमीटरला किंचित वर. नकली खूप फिरतात म्हणून वजन आणि व्यास दोन्ही पाहा. कडी डाकाने जोडलेली असेल तर संग्राहकाची जादा किंमत जवळजवळ संपते, तुमच्या वाटणीत ती सोन्याच्याच भावाने धरा. कडी काढायच्या भानगडीत पडू नका, नाण्याला आणखी इजा होते.

पुतळ्यांचं म्हणाल तर जुन्या अस्सल पुतळ्या म्हणजे व्हेनिसची नाणी, साधारण साडेतीन ग्रॅमची. एका बाजूला सेंट मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला प्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वेढ्यात येशू. तुमच्या वजनातून गिन्नी वगळली तर एक पुतळी दीड ग्रॅमच्या आत-बाहेर येते. म्हणजे त्या आपल्याकडेच ठशाने पाडलेल्या आहेत.

वकील_धुळे

हिंदू उत्तराधिकार कायद्याने मामा, आई, मावशी यांचा हिस्सा समान. वारशाने सोनं मिळालं म्हणून आयकर लागत नाही. पुढे कधी विकलं तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के. आजीकडे ते २००१ च्या आधीपासून होतं, म्हणून १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत खरेदीची किंमत धरता येते. तपासणीचा अहवाल आणि ती चिठ्ठी दोन्ही जपून ठेवा. साधा वाटणीचा कागद करा, तिघांच्या सह्या, दोन साक्षीदार. पैसे बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही.

चोपड्याची_लेक

सगळ्यांचे आभार. आई, मामा आणि मी तिघं जळगावला जाऊन आलो. सराफ आप्पा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. १८ पुतळ्या मिळून २७.० ग्रॅम, टंच ९१५ च्या जवळपास. ४ पुतळ्या मिळून ५.६ ग्रॅम, टंच ५८५. त्या चारही माळेच्या टोकांना होत्या, दोन इकडे, दोन तिकडे, आणि चोपड्याच्या सोनाराने घासलेली खूण त्यातल्याच एकीवर आहे. गिन्नी १९१८ ची, 'आय' आहे, झिजून ७.९५ ग्रॅम. कडी आहे, डाकाचीच.

मामा परतीच्या एसटीत आईला म्हणाले की १९६४ ला दादांची, म्हणजे आजोबांची, कपाशी चांगली आली होती, तेव्हाच घेतल्या असतील. मामींशीही ते स्वतः बोलले.

आता हिशेब कसा मांडू? आणि आईकडे सगळे पैसे लगेच नाहीत. मावशीला दिवाळीनंतर दिले तर चालतील म्हणते.

जुना_सराफ_जळगाव

फार बरं वाटलं बेटा. हिशेब असा मांड. १८ पुतळ्यांत शुद्ध सोनं २४.७ ग्रॅम, चारांत ३.२८, गिन्नीत ७.२९. एकूण ३५.२७. एकेकाचा वाटा ११.७६ ग्रॅम. सगळ्या पुतळ्या २२ च्या धरल्या असत्या तर ३७.१५ आलं असतं आणि सगळ्या १४ च्या धरल्या असत्या तर २६.३६. पावणेअकरा ग्रॅमच्या या फरकासाठी तुमच्या घरात भांडण लागलं होतं.

वाटणीच्या कागदावर रुपये लिहू नका, ग्रॅम लिहा: "११.७६ ग्रॅम शुद्ध सोन्याची देय दिवसाची किंमत." दर रोज हलतो. मामांना आत्ता दिले तर आजचा दर, मावशीला दिवाळीनंतर दिले तर त्या दिवसाचा. कोणाचंच नुकसान नाही आणि कोणी कोणाला बोलणार नाही. दर आयबीजेएचा (सराफांच्या देशपातळीवरच्या संघटनेचा) घ्या, २४ कॅरेटचा, जीएसटी वगळून. पेढीच्या फलकावरचा घेऊ नका, त्यात काय धरलंय ते पेढीगणिक बदलतं. मोड घालताना सराफ जी घट कापतो ती इथे कापायची नाही, कारण माळ मोडतच नाही. मजुरीही धरायची नाही. फक्त सोनं.

माळ परत गाठवायला देताना पुड्यांवरच्या आकड्यांचाच क्रम ठेवायला सांग. दोरा काढल्यावरचं वजन पटवेकऱ्याला लिहून दे आणि माळ घेताना त्याच्यासमोर काट्यावर ठेव.