जुना सीडी प्लेअर बदलू का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. वडिलांनी १९९८ साली घेतलेला सीडी प्लेअर अजून चालू आहे. ट्रे तेवढा अडतो. डाव्या कोपऱ्यावर टिचकी मारली की बाहेर येतो. बेल्ट सैल झाला असणार. सीडी मात्र कधी अडकत नाही.

वडील अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीचे भक्त, त्यामुळे घरात त्याच घराण्याच्या मल्लिकार्जुन मन्सूर आणि किशोरीताई आमोणकरांच्या मिळून साठेक सीडी. गेल्या महिन्यात त्यातलीच मन्सूरबुवांची एक राजारामपुरीत मित्राच्या नव्या प्लेअरवर ऐकली. तानपुरा असा भरून आला, की घरी येऊन तीच लावल्यावर बुवा माठात तोंड घालून गातायत असं वाटलं.

दुकानदार म्हणतो, यातला डॅक (सीडीवरच्या आकड्यांचा आवाज करणारा भाग) जुनाट झालाय, पंचवीस हजारांचा नवा प्लेअर घ्या. मित्र म्हणतो, मागं कोॲक्सिअल आउटपुट (आकडे तसेच बाहेर देणारं भोक) आहे, सहा-सात हजारांचा वेगळा डॅक जोड. बायको म्हणते, आधी ते स्पीकर कपाटावरून खाली घ्या.

सीडीवर असतं ते १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापं, प्रत्येक १६ बिटांचं. जुना काय नि नवा काय, वाचणार तेच. मग पंचवीस हजारांचा फरक खरंच ऐकू येतो का?

प्रतिसाद:
मित्राकडे स्पीकर वेगळे, खोली वेगळी, ते धरलंच नाही तुम्ही! तुमचा प्लेअर तिकडं न्या, दोन्ही एकाच ॲम्प्लिफायरला जोडा. सीडीची एक कॉपी काढा आणि दोन्हीकडं एकदम सुरू करा. आवाज कानानं जुळवू नका. टेस्ट टोन (एकच सलग सूर) लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरा, दोन्हीचा व्होल्टेज सारखा आला पाहिजे. किंचित मोठा वाजणारा प्लेअर नेहमी जास्त गोड वाटतो, इथंच सगळे फसतात. आणि या प्लेअरवरून त्या प्लेअरवर जायचं बटण दुसऱ्या कुणीतरी फिरवायचं, तुम्ही पाठ करून बसायचं.

धागाकर्ता:
रविवारी केलं. दहा वेळांत सहादा बरोबर ओळखला, म्हणजे छापा-काटाच. मित्राचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. घरी येऊन स्पीकर कपाटावरून उतरवले, कानाच्या उंचीवर, भिंतीपासून दोन फूट पुढं ठेवले. तानपुरा आला! बायको काही बोलली नाही, नुसती बघत होती.

आता एवढंच सांगा, ट्रेचा बेल्ट कोल्हापुरात कुठं मिळेल? जुना काढून माप घेऊ, की नुसत्या मॉडेल नंबरवर देतात?